मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्ड फक्त गणनेसाठी वापरायचंय, मॉनिटरसाठी नको (लिनक्स)

टेपवाला
मंडळी, उबुंटू २२.०४, कार्ड आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं. वडिलांच्या कीर्तनांच्या कॅसेट डिजिटल करून ठेवल्यात, त्या व्हिस्पर या बोलणं ऐकून मजकूर लिहिणाऱ्या एआयच्या लार्ज मॉडेलकडून लिहून काढायच्यात. एकट्या मॉडेललाच कार्डाची १० जीबीच्या आसपास मेमरी लागते. एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची मेमरी कोण वापरतंय ते दाखवणारी कमांड) बघितलं तर एक्सऑर्ग, ग्नोम-शेल (दोन्ही डेस्कटॉप दाखवणारे प्रोग्रॅम) आणि फायरफॉक्स मिळून दीड जीबी अडवून बसलेत. कीर्तन रंगात येतं आणि 'आउट ऑफ मेमरी' म्हणून सगळं बंद. कार्ड पूर्ण मोकळं कसं करू? जरा लवकर सांगा.

सह्यकडा
प्रोसेसर कुठला? मॉनिटरची केबल कार्डात आहे की मदरबोर्डात?

चहाबाज
एवढा खटाटोप कशाला? फास्टर-व्हिस्पर घ्या. इंट८ वर (म्हणजे मॉडेलचे आकडे ८ बिटांत ठेवून) तेच मॉडेल निम्म्याहून कमी मेमरीत चालतं. मी रोज वापरतो.

टेपवाला
आय५ १२४००. केबल कार्डातच, मदरबोर्डाला लावली की स्क्रीन काळी. @चहाबाज, तेही बघतो, पण पुढे कीर्तनाच्या भाषेवर मॉडेल ट्रेन करायचंय. कार्ड मोकळंच हवं.

पेंग्विन_पुणेकर
उबुंटू काढा, डेबियन टाका. निम्मे त्रास तिथेच संपतात.

सह्यकडा
डिस्ट्रो बदलून इथे काही साधणार नाही. मॉनिटर ज्या कार्डाला जोडलाय त्याची मेमरी डेस्कटॉप वापरणारच. तुमच्या प्रोसेसरमध्ये इंटेलचं यूएचडी ७३० हे अंगभूत ग्राफिक्स (आयजीपीयू) आहे. वेगळं कार्ड बसवलं की बरेच बोर्ड ते बंद करून टाकतात, म्हणून स्क्रीन काळी. बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' चालू करा, प्रायमरी डिस्प्ले इंटर्नलवर ठेवा, मग केबल मदरबोर्डात लावा.

रात्रपाळी
आणि टर्मिनलमध्ये प्राइम-सिलेक्ट इंटेल, म्हणजे ग्राफिक्स इंटेलवर नेणारी कमांड. झालं काम.

टेपवाला
डिस्प्ले आला! पण @रात्रपाळी, तुमची कमांड दिल्यापासून एनव्हिडिया-एसएमआयच चालेना, ड्रायव्हरशी संपर्क होत नाही म्हणतंय. आता तर कूडाही (कार्डावर गणना चालवणारी एनव्हिडियाची प्रणाली) गेलं.

सह्यकडा
इंटेल मोडमध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर लोडच होत नाही. तो मोड लॅपटॉपची बॅटरी वाचवण्यासाठी आहे, गणनेसाठी साफ निरुपयोगी. प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड करा आणि रीबूट.

रात्रपाळी
माझ्या लॅपटॉपवर इंटेल मोडच उत्तम चालतो.

सह्यकडा
चालेल की, तुम्ही त्यावर कूडा चालवत नसाल तर.

टेपवाला
जमलं! फायरफॉक्स आणि ग्नोम-शेल यादीतून गेले. एक्सऑर्ग अजून ४ एमबी दाखवतोय, तो कसा घालवू?

सह्यकडा
४ एमबीने काही अडत नाही. एक्सऑर्ग दिसेल ते कार्ड उघडून ठेवतो. नकोच असेल तर एक्सऑर्गच्या कॉन्फिगमध्ये सर्व्हरफ्लॅग्जखाली 'ऑटोअ‍ॅडजीपीयू' फॉल्स करा. वेलँडवर (एक्सऑर्गच्या जागी येणारी नवी डिस्प्ले व्यवस्था) हे लागू नाही, तिथे यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणं हाताळणारी व्यवस्था) नियम लिहून ग्नोमला ते कार्ड वगळायला सांगावं लागतं.

पखवाज
थोडं अवांतर: कॅसेट कशाने डिजिटल केल्या? आमच्याकडे भजनाच्या पेटीभर आहेत, काहींना बुरशी लागलीय.

टेपवाला
जुन्या डेकच्या लाइन-आउटमधून ऑडासिटीत. बुरशीची आधी साफ केल्याशिवाय डेकमध्ये घालू नका, हेड खराब होतं.

नवखा_नाशिक
माझा १२४००एफ आहे, मदरबोर्डाच्या पोर्टवर काहीच येत नाही.

सह्यकडा
एफ म्हणजे आत ग्राफिक्सच नाही. एक तर एखादं जुनं स्वस्त कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये मॉनिटरपुरतं लावा, नाहीतर मशीन मल्टी-यूजर टार्गेटवर बूट करा, म्हणजे डेस्कटॉप सुरूच होणार नाही. काम लॅपटॉपवरून एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून टर्मिनल वापरायची सोय) करा. त्याआधी एसएसएच सर्व्हर चालू आहे ना, तेवढं बघून घ्या.