मदत हवी आहे: हिवाळ्यात तळ्यातला पंप चालू ठेवू की काढू?

घरामागचं तळं अडीच फूट खोल, आत सात गोल्डफिश. थंडीत वर बर्फ धरतो. पानगळीआधी जाळी ताणली होती, तरी परवा तळाशी हात घातला तर काळा, कुबट गाळ मूठभर निघाला, बराचसा उपसलाय. कमळाची पिवळी पानं छाटली. पाणी १० अंशांखाली गेल्यापासून खाणं बंद केलंय (मासे काठाशी येऊन तोंड वासतात, बघवत नाही).

अडलंय पंपापाशी. तो तळाशी आहे. ४ अंशांचं जड पाणी खाली राहतं, ते ढवळलं तर माशांचा उबदार थर मोडेल. पंप बंद केला तर बर्फाखाली वायू कोंडतील. वीज तळ्यापर्यंत आहे, पण हीटर नकोय. पंप उचलून फूटभर खोलीवर ठेवला तर चालेल, की तो काढून नुसता एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावू?