मदत हवी आहे: प्रोस्टेट आणि मूत्राशय, दोन्हीकडे कॅन्सर. आधी उपचार कशाचा?

उत्तर_हवंय: बाबा, वय ७१. लघवीतून रक्त जात होतं म्हणून दुर्बिणीतून मूत्राशयातली गाठ काढली, हाय ग्रेड (आक्रमक). पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) १४, प्रोस्टेट बायॉप्सीत ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक याचा गुण) ३+४. एक डॉक्टर म्हणतात बीसीजी (मूत्राशयात सोडायचं औषध), दुसरे म्हणतात दोन्ही काढून टाका. प्रोस्टेटचं काय करायचं? लवकर सांगा.

स्लाइडवाला: गाठ किती खोल? टीए (फक्त अस्तरात), टी१ (अस्तराखाली) की टी२ (स्नायूत)? तुकड्यात डिट्रूसर, म्हणजे मूत्राशयाच्या भिंतीचा स्नायू होता का?

उत्तर_हवंय: टी१. स्नायूचं काही लिहिलेलं नाही. मी प्रोस्टेटचं विचारतोय!

स्लाइडवाला: ते यावरच ठरणार. स्नायू आलाच नसेल तर टी१ वर भरवसा ठेवता येत नाही. २ ते ६ आठवड्यांत पुन्हा टीयूआर (दुर्बिणीतून गाठ काढणं) करून तळातला स्नायू पाठवायला सांगा, प्रोस्टेटमधल्या मूत्रमार्गाचाही तुकडा घ्यायला सांगा. टी२ निघाला आणि पसरलेला नसेल तर मूत्राशयासोबत प्रोस्टेटही निघतं. त्याआधी सिस्प्लॅटिनची केमो झेपेल का, हे किडनीवर ठरतं. टी१च राहिला तर बीसीजी, आठवड्याला एक असे ६ डोस.

किरणकक्ष: बीसीजीसोबतच प्रोस्टेटला रेडिएशन देऊन टाका. दोन्ही कामं होतात.

कॅथेटर१६: नका. रेडिएशनने मूत्राशयही सुजतं, वर बीसीजीची जळजळ. पुढे मूत्राशय काढायची वेळ आली तर सगळं चिकटलेलं असतं, आतड्याला इजा होते. ३+४ काही महिने थांबतो, हाय ग्रेड टी१ थांबत नाही.

किरणकक्ष: पीएसए १४ असताना? मग निदान हार्मोनचं इंजेक्शन तरी.

कॅथेटर१६: आधी हे सांगा, पीएसए टीयूआरच्या आधीचा की नंतरचा? फिनास्टेराइड (प्रोस्टेटची गोळी, पीएसए उतरवते) चालू आहे का?

स्टोमाताई: मूत्राशय काढून पोटावर लघवीची पिशवी लागलीच तर जागेची खूण ऑपरेशनआधी करून घ्या. उभं राहून, बसून, वाकून बघायचं. कंबरपट्ट्याची रेघ आणि पोटाची वळी टाळायची.

उत्तर_हवंय: पिशवीचं कुणी विचारलं? पीएसए टीयूआरनंतर आठवड्याने काढला, तेव्हा कॅथेटर होता. फिनास्टेराइड नाही.

कॅथेटर१६: मग त्या १४ वर काही ठरवू नका. दुर्बीण, कॅथेटर, संसर्ग, सगळ्यानं पीएसए चढतो. ६ आठवड्यांनी परत काढा, तो १० च्या खाली आला तरी ३+४ मुळे प्रोस्टेटची जोखीम मध्यमच धरतात. मात्र बीसीजीच्या आधीच काढा, एमआरआयही आधीच. बीसीजीमुळे प्रोस्टेटमध्ये गाठी येतात, पीएसए वाढतो आणि एमआरआयवर त्या थेट कॅन्सरसारख्या दिसतात.

स्लाइडवाला: दोन्हीकडचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) एकाच पॅथॉलॉजिस्टला दाखवा. गाठ मूत्राशयाच्या मानेपाशी, म्हणजे प्रोस्टेटला लागून होती का?