भटकंतीच्या लेखात फोटो किती असावेत? ४७?

खिंडवाट:
मागच्या महिन्यात खिरेश्वरकडून हरिश्चंद्रगड करायचा होता, म्हणून एक लेख उघडला. ४७ फोटो, ३ व्हिडिओ आणि मजकूर आठ ओळी. त्यातल्याही दोन 'निसर्गाची मुक्त उधळण' छापाच्या. तोलारखिंड ओलांडली, रेलिंगचा कातळटप्पा चढलो, तर वर हे धुकं! एक वाट बालेकिल्ल्याच्या रानात शिरते, जवळची पण चकवणारी. दुसरी टेकड्यांवरून जाते, लांबची. लेखात नेमका त्या जागी काय, तर रेलिंगला टेकून काढलेला ग्रुप फोटो. आणि रेंज नसताना व्हिडिओ काय कपाळ उघडणार? 'धुकं असेल तर रानात शिरू नका, टेकड्या धरा', एवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं. माझं मत स्पष्ट आहे: वाट शब्दांत सांगा. फोटो चार बास.

दगडफूल:
साफ असहमत. 'मोठ्या आंब्यापासून उजवीकडे वळा' हे वाचून मी एकदा तासभर आंबा शोधलाय. रानात आंबा काय एकच असतो? फाट्याचा एक फोटो, त्यावर लाल बाण, काम झालं. फोटो आधीच फोनमध्ये उतरवून ठेवले की रेंजचीही कटकट नाही.
अवांतर: 'पाक एकतारी झाला की रवा घाला' हे वर्षानुवर्षं वाचतेय आणि माझे लाडू दरवेळी दगड (आयडीवर जाऊ नका). चिमटीतला पाक बोटं उघडताना कसा ताणला जातो, ते दहा सेकंद पाहिल्यावर कळलं की मी त्याला दोन तारांपर्यंत नेत होते.

खिंडवाट:
ताई, ते दहा सेकंद बारा मिनिटांच्या व्हिडिओत असतात. 'नमस्कार मंडळी' आणि 'चॅनल सबस्क्राइब करा' यांच्या मधे कुठेतरी. पाकाच्या बोटांनी मागेपुढे करत बसा.

दगडफूल:
मग तेवढेच कापून लावा ना! हा दोष व्हिडिओचा की लावणाऱ्याच्या आळसाचा?

कानसेन:
मी दृष्टिहीन आहे, स्क्रीन रीडरवर वाचतो. (गड केलेला नाही असं समजू नका. दोनदा गेलोय, भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून.) त्या लेखात मला काय ऐकू आलं सांगू? 'आयएमजी चार शून्य दोन दोन, ग्राफिक. आयएमजी चार शून्य दोन तीन, ग्राफिक.' पंधराव्याला मी बंद केलं. फोटो चढवताना ऑल्ट टेक्स्टचा (फोटोत काय आहे ते शब्दांत लिहिण्याचा, जे मला ऐकू येतं) रकाना असतो, तो बहुतेक जण रिकामा सोडतात. जे भरतात ते 'केदारेश्वर' लिहून मोकळे. 'गुहेत कंबरभर पाणी, मधोमध भलंमोठं शिवलिंग, चार खांबांपैकी एकच शाबूत' असं लिहा की. फोटो ४७ टाका नाहीतर ४, माझी तक्रार नाही.

बाराबंदी:
फोनमधला फोटो तसाच चिकटवला तर ४ एमबीच्या आसपास जातो. ४७ चा हिशेब करा, पावणेदोनशेच्या वर. रुंदी १२०० पिक्सेलवर आणली की दोन-तीनशे केबीत बसतो आणि फोनवर फरक कळत नाही. दुसरं म्हणजे सगळा जीव चित्रात ओतू नका. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा (वेबपानांवर हलती चित्रं दाखवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचा) आधार संपला आणि त्यावर बेतलेले हलते नकाशे, स्लाइडशो त्या पानांवर उघडेनासे झाले. आजूबाजूचा मजकूर मात्र जिथल्या तिथे.

खिंडवाट:
हेच तर म्हणतोय. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने गडाच्या कोकणकड्यावर पाहिलेल्या इंद्रवज्राची, म्हणजे गोल इंद्रधनुष्याची, नोंद १८३५ ची. फोटोचं तंत्र जगापुढे आलं १८३९ मध्ये. ती नोंद आजही सांगितली जातेच ना?

दगडफूल:
सांगितली जाते, पण 'गोल इंद्रधनुष्य' म्हणजे नक्की काय ते मला फोटो बघेपर्यंत पटलं नव्हतं. तुमच्या बाजूचा मुद्दा मीच देते, घ्या. सूर्य पाठीशी आणि ढग समोर असले की दोघं शेजारी शेजारी उभे राहिले तरी ज्याला त्याला ते कडं स्वतःच्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसतं. फोटोत हे येत नाही, ते खाली लिहावंच लागतं. आणि लोक खाली काय लिहितात? 'शब्द अपुरे'. अरे, मग पुरे करा!

कानसेन:
हे पहिल्यांदाच कळलं. भाचा तेव्हा नुसता ओरडला होता.

खिंडवाट:
फाट्याचा फोटो मान्य. ग्रुप फोटो अजूनही नाही.

दगडफूल:
बरं, तुमचा स्वतःचा गडावरचा लेख मी काल काढून वाचला. एकही फोटो नाही. अर्ध्यात सोडला.

खिंडवाट:
कुठे सोडलात?

दगडफूल:
तिसऱ्या टेकडीवर. पुढच्या चारही सारख्याच वाटल्या.

खिंडवाट:
तिथे गेल्यावरही सारख्याच वाटतात.