परदेशी भागीदारासोबत संयुक्त अनुदानाचा अर्ज: करावा की सोडून द्यावा?

सड्यावरची
दक्षिण कोकणातल्या एका अनुदानित कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. गेले अकरा पावसाळे एकाच सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) जाऊन कोणतं फूल कधी उमललं, डबक्यात पाणी किती दिवस टिकलं, याच्या वह्या भरतेय. एका परिषदेत भेटलेल्या फ्रेंच संशोधिकेचा मेल आलाय: सेफिप्राकडे मिळून अर्ज करूया. (सेफिप्रा म्हणजे १९८७ साली सुरू झालेलं भारत-फ्रान्स संशोधन केंद्र, कार्यालय दिल्लीत. आपला विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि फ्रान्सचं परराष्ट्र मंत्रालय मिळून पैसे घालतात. दोन्हीकडे एकेक प्रमुख संशोधक लागतो.)

माझं मत: सोडून द्यावं. तिचा मसुदा वाचला. प्रश्न त्यांचा, विश्लेषण तिकडे, आणि माझ्या नावापुढे काय, तर 'नमुने गोळा करणे व स्थानिक समन्वय'. चिखल तुडवायचा आम्ही, शोधनिबंधावर पहिलं नाव त्यांचं. त्यापेक्षा माझ्या वह्या बऱ्या.

गेंदफूल
मॅडम, अजिबात पटलं नाही. मसुदा म्हणजे काही सातबारा नव्हे, लाल पेन घ्या आणि खोडा. संयुक्त योजनेत भारतीय प्रमुख संशोधक नसेल तर तिचा अर्ज उभाच राहत नाही, हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

दुसरं, जैवविविधता कायदा, २००२. परदेशी व्यक्तीला इथल्या वनस्पतींवर संशोधन करायचं तर कलम ३ खाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. सरकारची मान्यता असलेल्या आणि केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणाऱ्या सहयोगी प्रकल्पांना कलम ५ त्यातून सूट देतं. म्हणजे तिला तुमच्या सड्यावर यायचं तर सगळ्यात सरळ वाट तुमच्या अंगणातून जाते. एवढं हातात असताना माघार?

बोरूबहाद्दर
गेंदफूल, कागदावर हे सगळं झकास. मी सामाजिक शास्त्रातला, अशा दोन प्रकल्पांत राबलोय. अर्ज लिहिताना सगळे समान असतात, पैसे आले की उतरंड दिसते. इथला जेआरएफ (पाठ्यवृत्तीवरचा कनिष्ठ संशोधक) महिना ३७,००० रुपयांवर, तेही वेळेवर येतील तेव्हा. तिथला पीएचडीचा विद्यार्थी दोन हजार युरोंच्या वर. महागाईचा फरक मान्य, पण मग एकाच प्रकल्पातलं कंटाळवाणं काम नेहमी कुणाच्या वाट्याला येतं तेही बघा.

आणि भरवसा तरी कसला? ब्रिटनने २०१५ मध्ये विकसनशील देशांसोबतच्या संशोधनासाठी, विकासनिधीतून, ग्लोबल चॅलेंजेस रिसर्च फंड मोठा गाजावाजा करून जाहीर केला. मार्च २०२१ मध्ये तिकडच्या सरकारने तो विकासनिधी कापला, १२ कोटी पौंडांची तूट पडली आणि चालू प्रकल्पांवरच कात्री चालली. क्षेत्रकाम अर्ध्यावर असलेल्यांनी करायचं काय? मॅडमचं बरोबर आहे.

दुर्बीणवाला
ते एका देशाने आपल्या खिशातून दिलेले पैसे होते. दोघांनी मिळून घातलेल्या निधीची गोष्ट वेगळी. एकच टोपली दाखवून सगळे आंबे नासके म्हणू नका.

आमच्या क्षेत्रातलं सांगतो. जून २०२३ मध्ये अत्यंत कमी वारंवारितेच्या गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर झाले. स्पंदक ताऱ्यांकडून येणारे रेडिओ संदेश मोजून ते मिळाले, आणि त्यात युरोपीय गटाच्या जोडीला आपला इनपीटीए हा संशोधकांचा गट होता. त्यांच्या दुर्बिणी मोठ्या, अनुभव दांडगा. पण नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण कमी वारंवारितेवर जे पाहते, ते त्यांना हवं होतं. ताऱ्यांच्या मधल्या अवकाशातल्या वायूने या संदेशांत होणारी गडबड त्यातून काढता येते. आपल्याकडे त्यांच्याकडे नसलेलं काहीतरी होतं, म्हणून मांडीला मांडी लावून बसता आलं.

सड्यावरची
सर, तुमच्याकडे जीएमआरटी आहे. माझ्याकडे कॉलेजचा एक सूक्ष्मदर्शक, तोही प्रॅक्टिकलच्या दिवशी एफवायवाले नेतात.

दुर्बीणवाला
आणि अकरा वर्षांच्या वह्या? पॅरिसहून कितीही युरो ओतले तरी २०१६ चा पावसाळा आता कुणाला मोजता येणार आहे का?

बोरूबहाद्दर
म्हणूनच तर भीती. वह्या एकदा स्कॅन होऊन 'सामायिक ड्राइव्ह'वर गेल्या की मग मॅडमची गरज किती दिवस?

गेंदफूल
याला मात्र उत्तर नाही असं नाही. विदा (डेटा) कुणाच्या ताब्यात, पहिलं नाव कोणत्या निबंधावर कुणाचं, हे अर्जाआधी दोघींनी लेखी ठरवायचं. आम्ही ठरवलं नव्हतं. तीन वर्षांनी एका निबंधात मी आभारांत सापडलो. (हो, मीच वर माघार घेऊ नका म्हणालो. अजूनही म्हणतो.)

हिशेबनीस
बावीस वर्षं विद्यापीठाच्या लेखा विभागात आहे. सगळे विद्वान आमच्याकडे शेवटच्या दिवशी येतात, म्हणून दोन शब्द.

परदेशी विद्यापीठाकडून थेट पैसा घ्यायचा विचार असेल तर एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी, खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. दोन सरकारांच्या बहुतेक योजनांत आपल्या बाजूचा पैसा दिल्लीतून रुपयांत येतो, तेवढं सुख. पण प्रवासासाठी मंजूर झालेले पैसे उपकरणाला वापरून मग आमच्याकडे रडत येऊ नका. पैसे ठरल्या कामालाच खर्चले याचं उपयोगिता प्रमाणपत्र अडलं की पुढचा हप्ता अडतो आणि तुमचा जेआरएफ मामाच्या घरून पैसे मागवतो. अंदाजपत्रक आधी आम्हाला दाखवा. चहा आम्ही पाजू.

सड्यावरची
बोरूबहाद्दर, तुमची भीती मला अजूनही खरी वाटते. तरी काल रात्री तिला मेल केला. 'स्थानिक समन्वय' खोडलं. डबक्यातलं पाणी आणि फुलोरा यांचा संबंध हा प्रश्न माझा म्हणून वर घातला, पहिला निबंध माझा, वह्या माझ्याकडेच राहतील, असंही लिहिलं. ती हो म्हणाली तर अर्ज, नाही तर जूनमध्ये मी सड्यावर आहेच.

हिशेबनीस, आमच्या कॉलेजात लेखा विभाग म्हणजे एक क्लार्क आणि तोही सध्या निवडणुकीच्या ड्युटीवर. अंदाजपत्रक तुम्हालाच पाठवलं तर चालेल का?

हिशेबनीस
पाठवा. एक्सेलमध्ये, पीडीएफ नको.