रिमलेस टँकसाठी 10 मिमी काच पुरेल का?

4 फूट लांब, 2 फूट उंच रिमलेस (वरच्या कडेला पट्टी नसलेला) माशांचा टँक आणि 10 मिमी काच, हा तुमचा बेत वाचून राहवलं नाही. कृपया 10 मिमी घेऊ नका. दाब ठरतो तो पाण्याच्या उंचीवर, लिटरवर नाही. काठोकाठ भरलात तर एकट्या पुढच्या काचेवर साधारण 225 किलोचा जोर येतो. वर पट्टी नसल्याने वरची कड मधोमध बाहेर फुगते आणि तो ताण उभ्या सिलिकॉनच्या जोडांवर जातो. मी 15 मिमीच घेईन. 12 पेक्षा ती निम्मीच वाकते. खर्च वाढतो, खरंय. मग उंची दीड फूट करा, 12 मिमी छान चालेल. टफन (तापवून कडक केलेली) काच घेणार असाल तर पाइपची भोकं आधीच पाडून घ्या, नंतर पाडता येत नाहीत.