दहावीची बॅच: शाळेत काय कसं करायचो? (अनुभव धागा)

निळीशाई: भाचीची विज्ञानाची प्रयोगवही चाळताना कांद्याच्या सालीची आकृती दिसली आणि अख्खी शाळा आठवली. निरोप समारंभाचे रडके फोटो सगळ्यांकडेच आहेत, ते राहू द्या. हाताने केलेली कामं लिहा: नेमकं कसं करायचं, काय बिघडायचं. जमेल तसं, जमेल तेवढं.

माझ्याकडून कांदा. मांसल पाकळीच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा चिमट्याने सोलायचा, बाहेरचं तांबडं टरफल नव्हे. लगेच पाण्यात टाकायचा, नाहीतर गुंडाळी होते. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात पापुद्रा, वर आयोडीनचा एक थेंब. आच्छादक काच सपाट टाकली की हवा अडकलीच. एक कड टेकवून, दुसरी सुईवर धरून हळूहळू सोडायची. काळ्या जाड कडेचे गोल दिसले तर ते बुडबुडे. त्यांना केंद्रक समजून आकृती काढणारे दरवर्षी निघतात.

शेवटचा बाक: आणि आकृती डाव्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीने!! नावांच्या रेघा उजवीकडे, एकमेकींना न छेदता. बाण काढायचे नाहीत.

चिंचबोर: भाजी टाकलीय गॅसवर, पटकन लिहिते. पुस्तकांची कव्हरं. खाकी कागद पुस्तकापेक्षा चारही बाजूंनी चार बोटं मोठा कापायचा. पुस्तकाच्या पाठीला वर आणि खाली दोन-दोन चिरा देऊन मधली पट्टी आत दुमडायची. ही पायरी गाळली की कव्हर पाठीपाशीच फाटतं. दुमडताना पुस्तक मिटलेलं हवं, उघडं ठेवून घातलेलं कव्हर मिटल्यावर ताणतं. स्टेपलर नको, पावसाळ्यात पिना गंजतात आणि डाग पहिल्या पानापर्यंत जातो. कॅलेंडरचा गुळगुळीत कागद दिसतो छान, पण दप्तरात घसरतो.

गुण्या: भूमितीवाले कुठे गेले? बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका. O केंद्र, P बाहेरचा बिंदू. OP चा लंबदुभाजक काढून मध्यबिंदू M. M केंद्र, MO त्रिज्या घेऊन वर्तुळ. मूळ वर्तुळाला छेदेल तिथे A आणि B. PA, PB जोडा, संपलं. बोंब होते ती कंपासच्या ढिल्या स्क्रूमुळे, त्रिज्या मध्येच सरकते. पडताळा सोपा: त्रिज्या ३ आणि OP ५ सेमी असेल तर दोन्ही स्पर्शिका ४ सेमी भरल्या पाहिजेत. कच्ची आकृती आधी, आणि कंस खोडायचे नाहीत, ते रचनेचा भाग आहेत. पेन्सिल टोकदार. जाड रेघेतच अर्धा मिलिमीटर जातो.

चिंचबोर: कर्कटकाचा खरा उपयोग बाकावर नाव कोरणे 😄

रंगपेटी: चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांबद्दल कुणीच नाही? संकल्पचित्राला पोस्टर कलर दह्याइतका दाट हवा. पातळ झाला तर कागद दिसतो, फार घट्ट झाला तर वाळून तडकतो. एका भागाला लागेल तेवढा रंग एकदमच कालवायचा. संपला की तीच छटा परत जुळत नाही. आधी बारीक ब्रशने कड, मग आत भरणं. पहिला हात ओला असताना दुसरा दिला की खालचा रंग उचलला जातो आणि पट्टे पडतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीत वाढीव गुण पुढे सुरू झाले: अ ला ७, ब ला ५, क ला ३. आधीच्या बॅचना नुसतं प्रमाणपत्र, फ्रेम करा.

बॅच २०२०: आमचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता, तो झालाच नाही. बाकी विषयांच्या सरासरीने गुण मिळाले. भारत-ब्राझीलचे नकाशे पाठ करून वाया.

शेवटचा बाक: २०२१ वाल्यांची तर अख्खी परीक्षाच रद्द. नववीचे ५०, दहावीच्या लेखीचे ३०, गृहपाठ-तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०.

निळीशाई: त्या मुलांना उगाच टोमणे मारले लोकांनी. असो. शाईपेनावर लिहा कुणीतरी.

सातारी कंदी: शाईपेन उन्हाळ्यात गळतं ते अर्धं रिकामं असलं की. आतली हवा तापून फुगते आणि शाई बाहेर ढकलते. म्हणून मार्चमध्ये पेन काठोकाठ भरलेलं. आट्यांना मेणबत्ती घासायची. धुवायला कोमट पाणी, उकळतं ओतलं तर जीभ वाकडी होते. (निबखालची. तुमची आधीच आहे.)

खडूवाली: 🤣 तक्त्यांसाठी खळ: दोन चमचे मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, मग पेलाभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. थेट गरम पाण्यात टाकला की गुठळ्या. चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट), म्हणजे झुरळं तक्ता खात नाहीत. विषारी आहे, घरातलं पातेलं वापरू नका.

चिंचबोर: मोरचूद आता कुठे मिळतं?

कोकणी माणूस: शेतीच्या औषधांच्या दुकानात. आम्ही पावसाआधी सुपारीवर बोर्डो (बुरशीवरचं फवारणीचं मिश्रण) मारतो. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, प्लॅस्टिकच्या पिंपात. लोखंडी भांडं चालत नाही.

गुण्या: प्रमाण जमलं हे कसं कळतं?

कोकणी माणूस: कोयत्याचं पातं बुडवायचं. तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, अजून चुना घाला. नाहीतर पानं करपतात.

निळीशाई: म्हणजे लोखंडाने तांब्याला हाकललं. विस्थापन अभिक्रिया, विज्ञान भाग १! समीकरण लिहा, नाहीतर अर्धेच गुण.

शेवटचा बाक: बाई, पुरवणी.