‘स्ट्रक्चरल इंटेग्रिटी’ला मराठीत काय म्हणावे? अखंडता, शाबुती की आणखी काही?

शब्दवेडी
समुद्रात कामाला जाणारे कंत्राटी रंगारी आणि परांची बांधणारे यांच्यासाठी असलेली एक सुरक्षापुस्तिका मी सध्या मराठीत आणत आहे. तिच्यातील एक प्रकरण जुन्या झालेल्या तेलफलाटांच्या, म्हणजे समुद्रात तेल काढण्यासाठी उभारलेल्या लोखंडी सांगाड्यांच्या, ‘स्ट्रक्चरल इंटेग्रिटी’विषयी आहे. मी तेथे ‘सांगाडा शाबूत आहे की नाही हे ठरवणे’ असे लिहिले होते. काम देणाऱ्यांनी ते खोडून ‘संरचनात्मक अखंडतेचे मूल्यांकन’ असे केले आणि समासात ‘शाबूत हा शब्द बोलीतला वाटतो’ असा शेरा मारला. माझ्या आजोळी वादळ होऊन गेले की आजी पहिला प्रश्न ‘कौले शाबूत आहेत ना?’ हाच विचारीत असे. अखंडता म्हटले की मला मात्र देशाची एकता आणि अखंडताच आठवते. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

काथ्याकूट
शब्दवेडीताई, ‘अखंडता’ मलाही रुचत नाही, परंतु ‘शाबूत’ हा अरबी ‘साबित’च्या कुळातला शब्द आहे आणि शास्त्रीय लेखनात त्याची गरज नाही. आपल्याकडे ‘अक्षत’ हा नेमका शब्द पूर्वीपासून आहे. अक्षता म्हणजे न मोडलेले तांदूळ, तेव्हा ज्या सांगाड्याला कोठेही क्षती पोहोचलेली नाही तो अक्षत आणि त्याचा गुण ‘अक्षतता’. उच्चारायला सोपा, अर्थाला चोख.

उरणचा पाहुणा
काथ्याकूटराव, ‘फलाटाची अक्षतता तपासा’ असे वाचून एखादा रंगारी तेथे लग्न लागते आहे असे समजेल. शिवाय ‘साबित’ परका म्हणून नको असेल, तर ताईंच्या प्रश्नातला फलाट तरी आपण कसा चालवून घेतला? तो तर ‘प्लॅटफॉर्म’चाच रेल्वेच्या हमालांनी घासूनपुसून घेतलेला अवतार आहे.

काथ्याकूट
ते सिद्ध झालेले नाही. फलक, फळी, फलाट अशी सरळ साखळी दिसत असताना इंग्रजीकडे धावत जाण्याचे कारण मला समजत नाही.

लोहभस्म
मी पाण्याखालच्या तपासणीचे अहवाल वाचण्यात नोकरीची बरीच वर्षे घालवली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. अखंड, अक्षत आणि शाबूत या तिन्ही शब्दांत एकच खोट आहे: ते ‘मोडले आहे की नाही’ एवढेच विचारतात. अरबी समुद्रातील मुंबई हाय या क्षेत्राचे तेल फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या विहिरी खोदणाऱ्या फलाटाने शोधले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, ७५-८० मीटर खोल पाण्यात उभे असलेले सांगाडे साधारणपणे २५ वर्षांचे आयुष्य धरून बांधलेले असतात. ती मुदत उलटून गेलेला एकही सांगाडा अक्षत नसतो. लाटांचा मारा बसतो त्या पट्ट्यात गंजाचे पोपडे सुटलेले असतात, पायांवर शिंपल्यांचा आणि शेवाळाचा थर चढून नळ्या जाड झालेल्या असतात, आणि जाड नळीला लाट अधिक जोराने ढकलते. लोखंडाऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेले ॲल्युमिनियमचे ठोकळे कोठे अर्धे, कोठे सळईपुरते उरलेले असतात. हे सारे माहीत असूनही प्रश्न असा असतो, की एवढे झाल्यावर हा सांगाडा आणखी किती सोसेल.

म्हणून नंतर संगणकावर त्याला लाटेचा जोर वाढवत वाढवत आडवा होईपर्यंत ढकलतात आणि शंभर वर्षांतून एखादवेळी येईल अशा लाटेच्या जोराच्या किती पटीला तो कोलमडतो, ते पाहतात. एखादा तिरका नळा तुटलेला असूनही शेजारचे नळे भार वाटून घेत असतील, तर तो तसाच ठेवण्याचा निर्णय होऊ शकतो. अशा सांगाड्याला ‘अखंड’ म्हणणे खोटे आहे आणि ‘निकामी’ म्हणणेही खोटे आहे. मला ‘तग’ हा शब्द सुचतो. ‘सांगाड्याची तग धरण्याची क्षमता’ म्हटले, की रंगाऱ्यालाही कळते.

सुताराचा नातू
लोहभस्म यांचे म्हणणे पटले, परंतु आमच्या घरात त्यासाठी ‘जीव’ हा शब्द होता. आजोबा जुन्या वाशावर हातोडीच्या दांड्याने ठोकत आणि कान देऊन ऐकत. आवाज खणखणीत आला तर ‘यात अजून जीव आहे’ म्हणत, बद्द आला तर काहीच न बोलता त्यावर खडूने फुली मारत. मडके वाजवून घेतात तसेच ते होते. समुद्रात बुडालेल्या लोखंडाला असे वाजवून पाहता येते का, हे विचारावेसे वाटते.

लोहभस्म
जवळजवळ तसेच करतात. हे नळे आतून पोकळ आणि दोन्हीकडून बंद असतात, त्यांत हवा असते. भेग आरपार गेली की नळ्यात पाणी शिरते. मग पाणबुड्या किंवा दूरनियंत्रित यंत्र बाहेरून ध्वनिलहरी सोडून आत हवा आहे की पाणी, ते ओळखते. पाणी भरलेला नळा म्हणजे आपल्या आजोबांचा बद्द वासा.

शब्दवेडी
‘तग’ मला आवडला. आता ‘एजिंग’चे, म्हणजे सांगाडा जुना होत जाण्याचे, काय करावे? मी ‘जीर्ण’ लिहिले आहे, पण त्याने थेट जीर्णोद्धार डोळ्यांपुढे येतो. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करावी लागते. तेथे ‘जुन्या आणि मोडकळीस आलेल्या’ असे म्हणतात, तेही येथे जरा जास्तच वाटते.

लोहभस्म
वर्षे मोजून जीर्णता ठरत नाही. ‘अलेक्झांडर किलँड’ हा उत्तर समुद्रात नॉर्वेच्या हद्दीत असलेला, कामगारांच्या राहण्याचा फलाट १९७६ मध्ये तयार झाला आणि २७ मार्च १९८० रोजी उलटला. त्यावरच्या २१२ माणसांपैकी १२३ गेली. पाण्यातला आवाज टिपणारे एक उपकरण बसवण्यासाठी एका नळ्यावर छोटा आधार जोडला होता, त्याच्या जोडातून भेग सुरू झाली. नळा तुटला, मग त्या पायाचे बाकीचे नळे तुटले आणि पाय सुटून गेला. नंतर भेगेच्या आत रंग सापडला, म्हणजे रंगारी तेथे पोहोचला तेव्हाच लोखंड चिरलेले होते. चार वर्षांच्या फलाटाला आपण जीर्ण म्हणणार का? ‘थकलेला’ म्हणावे. लाटांचे हेलकावे पुन्हा पुन्हा सोसून लोखंड थकते, हे आमच्या धंद्यात अक्षरशः खरे आहे.

उरणचा पाहुणा
मात्र किलँड तरंगता होता. आपल्याकडचे तळात खुंट ठोकून उभे आहेत. दोघांनाही ‘फलाट’ म्हटल्यामुळेच हा घोळ होतो. २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हे तेलक्षेत्रातील कामगारांच्या राहण्याचे तरंगते बार्ज बुडाले तेव्हा वृत्तपत्रांनी त्याला ‘तराफा’ म्हटले. मला तो शब्द बरा वाटला. तरंगणाऱ्याला तराफा आणि उभ्याला मनोरा म्हणावे.

काथ्याकूट
तराफा हा शब्दही कोठून आला, ते एकदा पाहून घ्यावे. आणि ‘थकलेला’ हा माणसासाठीचा शब्द आहे, शास्त्रात ‘श्रांत’ म्हणावे.

सुताराचा नातू
श्रांत वासा! आजोबांनी त्यावरही खडूने फुली मारली असती.

शब्दवेडी
मजकूर उद्या सकाळी द्यायचा आहे. ‘थकलेल्या सांगाड्यात किती तग उरली आहे, हे ठरवणे’ असे लिहिले आहे. ते पुन्हा खोडले गेले तर मी येथे कळवीन. तोवर ‘तग’ स्त्रीलिंगी आहे की पुल्लिंगी, एवढे तरी कोणी नक्की सांगावे.

काथ्याकूट
पुल्लिंगी. ‘तग लागला नाही’ असेच मी ऐकत आलो आहे.

उरणचा पाहुणा
आमच्याकडे ‘तग लागली नाही’.